चौथ्या ओळीतली फरशी

१

दर नोव्हेंबरात, लग्नाच्या वाढदिवशी, निवेस आणि तिचा नवरा ओरेस्ते आपल्या कोमाक्यो गावाहून सकाळच्या पहिल्या बसनं निघत. रावेन्नाला गाडी पकडत, फाएन्झाला बदलत आणि डोंगर ओलांडून अकराच्या आत फ्लोरेन्सला पोचत. एकोणचाळीस वर्षांत दोनदा काय तो खंड पडला होता. एकदा मुलीच्या, इल्दाच्या जन्माच्या वेळी आणि एकदा ओरेस्तेचा पाय मोडला तेव्हा.

ज्या चित्रांसाठी जग तिथल्या नदीकाठच्या चित्रगॅलरीत रांगा लावतं, त्यांच्याकडे ही दोघं ढुंकून बघत नसत. गर्दीतून कोपरानं वाट काढत ती नदीकडच्या टोकाला असलेल्या एका छोट्या खोलीत जात. तिथं अज्ञात चित्रकाराचं एक चित्र होतं. देवदूत मारियेला येशूच्या जन्माचा निरोप सांगतोय, दोघांच्या मधून तांबड्या-पांढऱ्या फरशांची एक लांब वाट मागं मागं जाते, आणि शेवटी उघडं दार. बस्स.

ओरेस्ते फरश्या बसवणारा. देवदूताशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. दोन्ही हात पाठीमागं बांधून, वाकून, तो त्या वाटेकडे बघायचा आणि दर वर्षी तेच म्हणायचा, "दारापासून चौथी ओळ. तांबडी बघ. वाकडी बसलीय. ह्या माणसानं जन्मात कधी गुडघ्यावर बसून काम केलेलं नाही, निवेस."

"जाऊन सरळ कर मग," निवेस म्हणायची.

"बोलावलं तर करीन की."

खोलीवर लक्ष ठेवणारी फोस्का नावाची जाडजूड बाई होती. तीसुद्धा त्यांना ओळखायला लागली होती. "आले आमचे फरशीवाले," असं म्हणून ती खुर्चीतून हात हलवायची. मग ही दोघं खाली उतरून हातगाडीवरचा, उकडलेली आतडी भरलेला पाव खात आणि परतीची गाडी धरत.

गेल्या नोव्हेंबरात मात्र निवेसचा रुमाल मागच्या दालनात पडला. तो आणायला ती गेली. परत येताना तिला भिंतीतला भोंगा पीं करून वाजलेला ऐकू आला. कुणीतरी चित्राच्या फार जवळ गेलं की तो वाजतो. आणखीही काही आवाज झाला होता. पण बाहेर शाळेच्या मुलींचा घोळका किंचाळत चालला होता, त्यात तो मिसळून गेला.

ती आत आली तेव्हा ओरेस्ते चित्राकडे पाठ करून उभा होता.

"काय रे, सरळ केलीस का फरशी?"

"चल," तो म्हणाला. "गाडी चुकेल."

गाडीला अजून तीन तास होते.

२

पहिले काही महिने तिनं त्याकडे लक्ष दिलं नाही. माणूस सदुसष्ट वर्षांचा झाला की जरा गप्प होतो. उलट ओरेस्ते आता जास्तच शहाण्यासारखा वागत होता. सकाळी तिच्या आधी उठून कॉफी करायचा. भांडायचा नाही, पानातलं काही टाकायचा नाही, झोपेत घोरायचा नाही. शेजारणी म्हणायच्या, तुझं नशीब उघडलं.

फेब्रुवारीत एका दुपारी तो स्वयंपाकघरात मटारच्या शेंगा सोलत बसला होता. खिडकी त्याच्या डाव्या हाताला होती. त्या दिवसांत क्वचित पडतं तसं ऊन पडलं होतं, टेबलावर, शेंगांवर, त्याच्या डाव्या बाहीवर. फक्त डाव्या गालावर नव्हतं. डावा गाल अंधारात होता आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूचा उजवा गाल उजेडात.

निवेसनं हातातला डाव ठेवला. आरशाचा कवडसा असेल म्हणून बघितलं. स्वयंपाकघरात आरसा नव्हता.

"ओरेस्ते, जरा इकडे तोंड कर."

त्यानं केलं. सावली डाव्या गालावरच राहिली.

"आता खिडकीकडे."

तो खिडकीकडे वळला. ऊन सरळ त्याच्या डोळ्यांत गेलं. त्यानं डोळे मिचकावले नाहीत. डाव्या गालावर ती सावली होती तशीच होती, नाकाच्या कडेपासून जबड्यापर्यंत, एकसारखी, मऊ, कुणीतरी बोटानं पुसून लावल्यासारखी.

"काय बघतेस?" त्यानं विचारलं.

"काही नाही. शेंगा सोल."

त्यानंतर ती पाळतच ठेवू लागली. सकाळी अंगणात, दुपारी कालव्याच्या पुलावर, चर्चमध्ये मेणबत्त्यांसमोर. माणसाच्या तोंडावरची सावली दिवसाबरोबर फिरते. त्याची फिरत नव्हती.

३

इल्दा रविवारी आली तेव्हा निवेसनं तिला परसात नेऊन सांगितलं. इल्दा रावेन्नाच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग आत जाऊन बापाचा फोटो काढला आणि आईला दाखवला.

"हे बघ. फोटोत सावली आहे. सगळ्यांच्याच फोटोत असते, आई."

"कुठल्या बाजूला आहे ते बघ."

"बाबांनी दाढी नीट केलेली नाही, एवढंच दिसतंय मला." मग तिचा आवाज खाली आला. "त्यांना लहानसा झटका येऊन गेला असेल. माणूस बदलतो त्यानं. आपण तपासून घेऊ."

तपासलं. मेंदूची छायाचित्रं काढली, रक्त बघितलं. डॉक्टर म्हणाला, या वयात इतकी चांगली प्रकृती मी पाहिलेली नाही. नाडीसुद्धा घड्याळासारखी. बाहेर आल्यावर इल्दानं तपासण्यांचे कागद घडी करून पिशवीत ठेवले. मग म्हणाली, "आता तुला दाखवून घेऊ का कुणाला?"

निवेसला राग आला नाही. तिनंही तोच विचार केला होता. रात्र रात्र केला होता. आपल्यालाच काहीतरी झालंय, डोळ्यांत, डोक्यात. म्हणून तिनं शेवटी एक साधी गोष्ट केली. न्हाणीघराच्या उंबऱ्याजवळची फरशी तिनं सुरीनं हळूहळू सुटी केली. पाय पडला की ती टक् करून वाजायची. जुना ओरेस्ते असता तर तो जेवता जेवता उठला असता. लोकांच्या घरी पाहुणा गेला तरी तो जमिनीवर बोटाची पेरं आपटायचा, टक् टक् टक्, आणि म्हणायचा, "इथं पोकळ आहे, इथं भरीव." लाज आणायचा नुसता.

आठ दिवस गेले. पंधरा गेले. तो रोज त्या फरशीवरून गेला. टक्. टक्. एकदाही खाली बघितलं नाही.

सोळाव्या दिवशी निवेसनं ती पुन्हा चुन्यात बसवून टाकली. ओबडधोबड बसली. मग हात धुऊन ती टेबलाशी बसली आणि नीट विचार केला. वस्तू हरवली की शेवटची जिथं पाहिली तिथं जाऊन शोधायची. तिनं आयुष्यभर घरात असंच शोधलं होतं, चष्मे, किल्ल्या, इल्दाचे मोजे. आणि बहुतेक वेळा सापडलं होतं.

"आपण फ्लोरेन्सला जाऊ," ती त्याला म्हणाली.

तो खिडकीपाशी होता. थोडा तिरपा उभा, ना पूर्ण समोर, ना पूर्ण बाजूला, हल्ली नेहमी राहायचा तसा. "नोव्हेंबर नाही आत्ता," तो म्हणाला. "मे आहे."

"माहीत आहे."

"मला नाही जायचं, निवेस."

सहा महिन्यांत तो पहिल्यांदाच कशाला तरी नको म्हणाला होता. तेवढ्यावरून तिनं ओळखलं की आपली वाट बरोबर आहे.

४

मे महिन्यात गर्दी भयंकर असते. जिन्यावर माणसाला माणूस चिकटलेला होता. निवेसनं ओरेस्तेचं मनगट धरलं होतं. घरापासून ते तिनं सोडलं नव्हतं, गाडीत नाही, रांगेत नाही. तोही ओढून घेत नव्हता. फक्त जिना चढताना त्याचं पाऊल दर पायरीला थोडं उशिरा पडत होतं.

छोट्या खोलीत नेहमीप्रमाणे कुणी नव्हतं. फोस्का दारात खुर्ची टाकून बसली होती.

"अगं बाई, फरशीवाले! मेमध्ये?" ती हसली. मग तिनं ओरेस्तेकडे बघितलं आणि तिचं हसू जरा लांबलं, जरा पातळ झालं. "तुमच्या यजमानांची तब्येत बरी नाही का?"

"तुला काय दिसतं?" निवेसनं विचारलं.

"मला काय दिसायचंय?" फोस्कानं नजर वळवली. "थकल्यासारखे वाटतात, म्हणून म्हटलं."

"तुझी खुर्ची पूर्वी आत असायची. त्या कोपऱ्यात."

"आत थंडी वाजते."

"मेमध्ये?"

फोस्कानं पाय आखडून वाट दिली. निवेस त्याला घेऊन आत गेली.

चित्र तसंच होतं. देवदूत, मारिया, मधली वाट, टोकाला दार. चित्रातला उजेड डावीकडून येत होता. देवदूताच्या चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी सावलीत. मारियेचीही तशीच. निवेसनं शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं नाही. गरज नव्हती.

तेवढ्यात तिनं ते ऐकलं.

टक् टक् टक्. मग थांबणं. मग टक् टक् टक्, जरा पुढं.

आवाज अगदी बारीक होता. तिला वाटलं, कुठंतरी दुरुस्ती चालू असेल. एवढ्या जुन्या इमारतीत कुठं ना कुठं कारागीर असतातच. ती दाराशी परत गेली, त्याला ओढतच.

"फोस्का, या भिंतीमागं काय आहे?"

"भिंतीमागं?"

"चित्राच्या भिंतीमागं. कुणी काम करतंय का तिथं?"

फोस्का तिच्याकडे बघत राहिली. "सिन्योरा, त्या भिंतीमागं काही नाही. ती बाहेरची भिंत आहे. पलीकडे हवा, आणि खाली नदी." तिनं गळ्यातली साखळी बोटांत धरली. "तुम्हालाही येतो होय आवाज?"

"कधीपासून येतो?"

"नोव्हेंबरपासून," फोस्का म्हणाली.

५

निवेस परत चित्रासमोर आली आणि चष्मा पुसला. कुणी पुढं जाऊ नये म्हणून जमिनीवर आखलेल्या रेघेला पायाची बोटं टेकवून ती वाकली, ओरेस्ते वाकायचा तशी. फरशांवरून तिची नजर मागं मागं गेली. जवळच्या फरश्या हाताएवढ्या, मग नखाएवढ्या, मग मसुराएवढ्या. दाराजवळ त्या इतक्या बारीक होत्या की तांबडं-पांढरं एकमेकांत मिसळत होतं.

दारापासून चौथ्या ओळीत काहीतरी करडं होतं. तांदळाच्या दाण्याहून लहान. एखादा डाग असेल, रंगाचा टवका उडाला असेल. पण टवक्याला पाठ नसते. हा पाठमोरा होता, गुडघ्यावर बसलेला, आणि त्याच्या बुटाचे दोन तळवे तिच्याकडे होते.

टक् टक् टक्.

ती सरळ उभी राहिली आणि शेजारच्याकडे वळली.

"चूक कुठाय, ओरेस्ते?"

"कसली चूक?"

"या फरशीतली. एकोणचाळीस वर्षं मला दाखवतोस ती. दाखव बघू."

तो चित्राकडे बघायला तयार नव्हता. "चूक नाही," तो हळूच म्हणाला. "कधीच नव्हती. ज्यानं काढलं त्यानं नीट काढलंय."

त्या आवाजात एवढा अभिमान होता, आणि एवढी भीती, की क्षणभर तिचा हात सैल झाला. त्यानंही ते ओळखलं. त्यानं दुसरा हात तिच्या हातावर ठेवला. हात गार नव्हता, ऊनही नव्हता.

"निवेस. मी तुला काय कमी केलं?"

"काही नाही," ती म्हणाली. ते खरं होतं.

"तुझे गुडघे दुखतात म्हणून पाणी मी आणतो. तुला पहाटे जाग येते तेव्हा मी जागा असतो. तो जागा असायचा का?"

"नाही. तो घोरायचा."

"मग मला राहू दे."

दूरच्या दालनातून माणसांचा गलबला येत होता, कुणीतरी वाटाड्या तार स्वरात तारखा सांगत होता. इल्दा म्हणाली होती, माणूस बदलतो. शेजारणी म्हणाल्या होत्या, नशीब. निवेसला वाटलं, आत्ता खाली उतरावं, पाव खावा, गाडी धरावी. कुणालाही काही कळणार नाही. मग पुन्हा तो आवाज आला. या वेळी टक् टक् असं दोनदाच, आणि तिसरा पडलाच नाही. दमलेला माणूस हात खाली ठेवतो, तसा.

तिनं मनगट घट्ट धरलं.

"तिथं कुणी वळून बघत नाही, निवेस," तो भराभर बोलू लागला. "तुला माहीत नाही. ती दोघं एकमेकांकडे बघतात, मागं कुणी बघत नाही. मी कितीतरी काळ त्या दाराशी उभा होतो. कुणी एकदा, एकदा तरी..."

"मला वाईट वाटतं," ती म्हणाली, आणि तिनं रेघ ओलांडली.

भोंगा वाजला. तिनं त्याचा पंजा चित्रावर दाबला, फरशांवर, आपल्या सगळ्या वजनानिशी. तिनं ठरवलं होतं की डोळे मिटायचे. पण मिटले नाहीत. तिला दिसलं ते एवढंच, की त्याचा हात लहान झाला नाही. लांब गेला. तिच्या मुठीत असतानाच लांब गेला, त्या वाटेवरून, चौथ्या ओळीपर्यंत. त्यानं तोंड तिच्याकडे वळवलं होतं. पहिल्यांदाच पूर्ण समोर. आणि तो ओरडला.

मग तिच्या मुठीत काही नव्हतं. मग होतं. खरबरीत, घामेजलेलं, जड.

६

"आईगं, गुडघे," ओरेस्ते म्हणाला. तो खाली बसला होता, भिंतीला टेकून, पाय फाकवून. "मोडले माझे गुडघे. कुठं गेली होतीस? रुमाल आणायला एवढा वेळ?"

फोस्का धावत आली आणि दारातच थबकली. तिनं ओरेस्तेकडे बघितलं, मग चित्राकडे. चित्राच्या फार जवळ ती गेली नाही. ओरेस्तेच्या विजारीचे गुडघे चुन्यानं पांढरे झाले होते आणि जमिनीवर दोन पांढरे गोल उमटले होते. ती खोली सकाळीच पुसलेली होती.

मागून दुसऱ्या रखवालदाराच्या पावलांचा आवाज आला. "काय झालं तिथं?"

"काही नाही रे!" फोस्का ओरडली. "म्हातारबांना चक्कर आली. तोल गेला, एवढंच." आणि बोलता बोलता तिनं बुटाच्या तळव्यानं ते दोन्ही गोल पुसून टाकले. मग ओरेस्तेला धरून उठवताना ती निवेसच्या कानाशी म्हणाली, "न्या त्यांना. आत्ताच न्या. आणि सिन्योरा, पुन्हा येऊ नका."

नदीकडच्या लांब दालनात खिडक्या होत्या. मे महिन्याचं ऊन आत पडलं होतं. ओरेस्ते लंगडत चालला होता आणि प्रत्येक खिडकीपाशी त्याच्या तोंडावरचा उजेड बदलत होता. निवेस तेवढंच बघत चालली. एका खिडकीशी तो डोळे किलकिले करून शिंकला. तेव्हा तिला रडू फुटलं.

"आता काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. चल."

७

डोंगरातलं मारादी स्टेशन गेल्यावर गाडीत फारसं कुणी उरलं नाही. ओरेस्तेनं स्टेशनाबाहेर घेतलेला पाव अर्धा खाल्ला होता. उरलेला कागदात गुंडाळून मांडीवर धरून तो बसला होता. नोव्हेंबर नसून मे आहे हे त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं बाहेरची हिरवी झाडं बघितली होती. त्याच्या हाताच्या पेरांवरची कातडी निघून गेली होती. निवेसनं बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवून ती पेरं पुसून काढली. त्यानं पुसू दिली.

"सरळ केलीस का?" तिनं विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"सारखी करत होतो. बसायची नाही." त्यानं बोटं मिटून उघडून बघितली. "सरळ बसली की मी मागं वळून बघायचो, कुणी बघितलं का म्हणून. तेवढ्यात वाकडी व्हायची."

गाडी बोगद्यात शिरली आणि बाहेर आली.

"माझ्या जागी तुझ्याकडे होता ना तो?" ओरेस्ते म्हणाला. "सहा महिने."

"हो."

"कसा होता?"

निवेसनं रुमालाची घडी केली. "चांगला होता."

ओरेस्तेनं मान हलवली. एखाद्या अनोळखी कारागिराचं काम बघून तो हलवायचा तशी. "जाताना काही म्हणाला?"

तिनं दोन दिवस सगळ्याचा विचार केला होता, तिकिटांचा, रांगेचा, त्याला आत कसं न्यायचं याचा. या प्रश्नाचा केला नव्हता. तिच्या कानात त्याच्या ओरडण्याचा आवाज अजून तसाच होता. तो भीतीचा होता, आणि त्यात तिचं नाव होतं.

"नाही," ती म्हणाली. "गुपचूप गेला."

ओरेस्ते खिडकीबाहेर बघत राहिला. डोंगर संपत आले होते, खाली सपाट रान दिसू लागलं होतं. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी साधा होता, रागाचा नव्हता, तक्रारीचाही नव्हता.

"त्या दिवशी मी ओरडलो होतो," तो म्हणाला. "तू बाहेरच होतीस."